पेशीतला कोणता भाग जिवंत असतो?

प्रश्न असा आहे : ‘शाळा सोडून पुष्कळ वर्षं झाली. आता हौसेनं जीवशास्त्र पहिल्यापासून वाचायला घेतलंय. पेशीची आकृती काढता येते. केंद्रक, तंतुकणिका, गॉल्जी संकुल ही नावं आणि त्यांची कामं पाठ आहेत. पण एका ठिकाणी अडतं. पेशी रेणूंची बनलेली आणि रेणू निर्जीव, असं पुस्तकच सांगतं. मग पेशी जिवंत कशी? तिच्यातला नेमका कोणता भाग जिवंत असतो?’

कोणताच नाही. प्रथिनाचा रेणू जिवंत नसतो, डीएनए जिवंत नसतो, पेशीतून काढून परीक्षानळीत ठेवलेलं केंद्रकही नुसतं पडून असतं. तुम्ही अडलात ती जागा अगदी बरोबर आहे. तिथे न अडता पुढे गेलेल्या माणसाला नावं येतात आणि पेशी मात्र कळायची राहते. म्हणून उत्तर जरा ऐसपैस देते.

मी सव्वीस वर्षं पेशी वाढवण्याचं काम करते आहे. प्राण्यांच्या ऊतींपासून मिळवलेल्या पेशी प्लॅस्टिकच्या भांड्यांत, पोषक द्रवात, ३७ अंश सेल्सियसला वाढवायच्या, मोजायच्या, गर्दी झाली की वाटून नव्या भांड्यांत घालायच्या, काही गोठवून ठेवायच्या. तुमचा प्रश्न या कामात रोज पुढ्यात येतो, आणि तोही अगदी व्यवहारी रूपात : या भांड्यातल्या पेशींपैकी जिवंत किती?

ते ठरवायची सर्वांत साधी रीत म्हणजे ट्रिपॅन ब्लू नावाचा निळा रंग. पेशी ज्यात तरंगत आहेत तो द्रव थोडासा घ्यायचा, त्यात तेवढाच रंग मिसळायचा, आणि मोजणीच्या काचेवर थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. काही पेशी आतून निळ्याशार झालेल्या दिसतात. त्या मेलेल्या. ज्या निळ्या पाण्यात राहूनही स्वच्छ, चकचकीत मण्यांसारख्या दिसतात त्या जिवंत. मोजणी पाचेक मिनिटांत उरकावी लागते, कारण हा रंग विषारी आहे आणि फार वेळ ठेवलं तर चांगल्या पेशीही हार मानून निळ्या होऊ लागतात. शंभरात पंचाण्णव स्वच्छ असल्या की माझा दिवस चांगला जातो.

या परीक्षेत आपण काय विचारलं ते बघा. केंद्रक आहे का, तंतुकणिका किती, यातलं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, की बाहेरची वस्तू बाहेर ठेवणं तुला अजून जमतंय का? मी शिकवायला सुरुवात करते ती इथून, केंद्रकापासून नाही. आत आणि बाहेर यांत फरक आहे, आणि तो फरक कुणीतरी सतत राखतंय, ही पेशीबद्दलची पहिली गोष्ट आहे. बाकीच्या बहुतेक गोष्टी तिच्या पोटात येतात.

आकृतीवरून ही गोष्ट कळत नाही, याला एक कारण आहे. पेशीची आणि आपली पहिली ओळख बहुतेक वेळा मेलेल्या पेशीतून होते. रॉबर्ट हूकनं १६६५ साली ज्या कप्प्यांना पेशी हे नाव दिलं, ते बुचाच्या कापातले रिकामे कप्पे होते. आतला जीव कधीच गेला होता, उरल्या होत्या नुसत्या भिंती. शाळेत गालाच्या आतल्या पेशी काचेवर पसरून, वाळवून, निळ्या रंगात रंगवून दाखवतात, त्याही बघायच्या वेळी मेलेल्याच असतात. पुस्तकातली आकृती अशाच रंगवलेल्या, स्थिर केलेल्या पेशींवरून तयार झाली. तिच्यात प्रत्येक भाग प्रशस्त मोकळ्या जागेत, एकमेकांपासून अंतर राखून बसलेला दिसतो. खऱ्या पेशीच्या आत इतकी दाटी असते, की तिथल्या जागेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंनीच व्यापलेला असतो. सगळे रेणू सारखे एकमेकांवर आदळत असतात. ‘पेशी म्हणजे सजीवांची वीट’ हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. वीट काहीही न करता शंभर वर्षं वीट राहते. पेशीनं काही मिनिटं काहीच केलं नाही, तर ती पेशी राहत नाही.

आता पटलाकडे येऊ. पाठ्यपुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात, मी नुसतं पेशीपटल म्हणते. ते मेदाच्या रेणूंचं, दोन थरांचं असतं. प्रत्येक रेणूला पाण्याशी जमणारं डोकं आणि पाण्यापासून पळणाऱ्या दोन शेपट्या असतात. असे रेणू पाण्यात सोडले की ते आपसूकच शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी दुहेरी चादर करून बसतात, त्यासाठी कुणी हात लावावा लागत नाही. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ साली तांबड्या रक्तपेशींमधला मेद काढून पाण्यावर एका थरात पसरला, तेव्हा तो पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट जागेवर पसरला. थर दोन असले पाहिजेत, हे त्यावरून ताडता आलं. या मेदाच्या चादरीची जाडी चार-पाच नॅनोमीटर भरते. एका मिलिमीटरच्या जाडीत अशा दोन लाख चादरी मावतील.

चादर म्हटलं तरी ती ताणलेल्या कापडासारखी समजू नका, तेलाच्या पातळ थरासारखी समजा. १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी एकमेकींत मिसळून एकच पेशी केली. दोघींच्या पटलावरच्या प्रथिनांना वेगवेगळे चमकते रंग लावलेले होते. सुरुवातीला अर्धा भाग एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा होता. ३७ अंशांना चाळीसेक मिनिटं ठेवल्यावर दोन्ही रंग सगळीकडे सरमिसळ झाले. थंड केलं तर ही मिसळण थांबत होती. याचा अर्थ पटलातली प्रथिनं पटलात पोहत असतात.

या प्रथिनांमध्येच पेशीची दारं, नळ आणि पंप आहेत. नुसत्या मेदातून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड सहज जातात, पाणी थोडंफार झिरपतं. पण साखर जात नाही, आणि मिठातला सोडियम, पोटॅशियम असे विद्युतभारित कण तर जवळजवळ जातच नाहीत. त्यांना जायचं तर एखाद्या प्रथिनानं वाट द्यावी लागते. कुणाला, कधी आणि किती वाट द्यायची, ही निवड पेशीच्या हाती राहते ती अशी.

इथे एक आकडा लक्षात ठेवाच. आपल्या शरीरातल्या साधारण पेशीच्या बाहेरच्या द्रवात सोडियम लिटरमागे सुमारे १४५ मिलिमोल (मिलिमोल हे कणांची संख्या मोजायचं एकक) असतं आणि पेशीच्या आत १० ते १५. पोटॅशियमचं नेमकं उलटं : आत सुमारे १४०, बाहेर ४ ते ५. मध्ये आहे नुसती पाच नॅनोमीटरची चादर, आणि तिच्यात गळतीच्या वाटा असतातच. नुसतं सोडून दिलं तर दोन्हीकडचं प्रमाण समान होऊ लागेल, जसा खोलीतला सुगंध घरभर पसरतो. तसं होत नाही, कारण पटलात एक पंप आहे. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना तो शोधला, आणि १९९७ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. हा पंप दर फेरीत तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो, आणि त्यापायी एटीपीचा एक रेणू खर्च करतो. एटीपी म्हणजे पेशीचं रोजच्या व्यवहारातलं सुटं नाणं. तुम्ही अगदी शांत झोपलेले असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा साधारण पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिकच या एका पंपावर जातो.

एवढा खर्च कशासाठी? एक कारण पाण्याचं आहे. पेशीच्या आत प्रथिनं आणि इतर मोठे रेणू खच्चून भरलेले असतात आणि त्यांना बाहेर जाता येत नाही. त्यामुळे परासरणाच्या नियमानं, म्हणजे विरघळलेले कण जिकडे जास्त तिकडे पाणी पटलातून झिरपतं त्या नियमानं, पाणी सारखं आत यायला बघतं. पंप सोडियमला बाहेर ठेवतो म्हणून दोन्ही बाजूंचा हिशोब जुळतो. पंप बंद पाडणारं औषध पेशींना दिलं की सोडियम आत साचतं, त्यामागून पाणी येतं आणि पेशी फुगतात. वनस्पतींनी आणि जिवाणूंनी याच अडचणीवर दुसरा उपाय काढला आहे : बाहेरून भक्कम पेशीभित्तिका. पाणी आत आलं तरी भिंत दाबून धरते. कोवळं रोप ताठ उभं राहतं ते याच दाबावर, आणि पाणी तुटलं की मान टाकतं.

हे मी पहिल्या वर्षी माझ्या चुकीतून शिकले. पेशी धुवायचा क्षारयुक्त द्रव आणि ऊर्ध्वपातित पाणी, दोन्ही सारख्याच बाटल्यांत शेजारी ठेवलेले होते. मी घाईत पाण्यानं पेशी धुतल्या. सूक्ष्मदर्शकाखाली नजर टाकली तेव्हा त्या गोल, फिकट, टम्म फुगलेल्या होत्या. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं तर नुसत्या सावल्या उरल्या होत्या, पटल फुटून आतला ऐवज पाण्यात गेलेला. आठ आठवडे वाढवलेल्या पेशी होत्या त्या. परासरणाची व्याख्या मला तोंडपाठ होती. परासरण म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. तेव्हापासून बाटलीवरचं लेबल मी दोनदा वाचते आणि माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला वाचायला लावते.

आता पुढचा प्रश्न आपोआप येतो : एटीपी कुठून येतो? शरीरातला एटीपीचा साठा एखाद्या क्षणी पाहिला तर जेमतेम पन्नासेक ग्रॅम असतो. दिवसभरात मात्र शरीराच्या वजनाच्या आसपास जाईल इतका एटीपी वापरला जातो. म्हणजे तोच रेणू खर्च होतो, पुन्हा भरला जातो, पुन्हा खर्च होतो, दिवसातून शेकडो वेळा. ही भरणी मुख्यतः तंतुकणिकांत होते. ‘तंतुकणिका हे पेशीचं ऊर्जाकेंद्र’ हे वाक्य पाठ असणाऱ्या माणसाला मी नेहमी विचारते, की तिथे घडतं काय? बहुतेकदा उत्तर थांबतं, आणि खरी गंमत तर तिथेच आहे.

तंतुकणिकेला दोन पटलं असतात. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन आतल्या पटलातल्या प्रथिनांच्या रांगेतून हातोहात पुढे सरकत शेवटी ऑक्सिजनला मिळतात. आपण श्वास घेतो तो मुख्यतः या शेवटच्या पायरीसाठी. या प्रवासात सुटणाऱ्या ऊर्जेवर हायड्रोजनचे आयन, म्हणजे प्रोटॉन, पटलाच्या एका बाजूला ढकलले जातात. धरणात पाणी अडवावं तसे ते तिथे साठतात. परत यायला त्यांना सोयीची वाट एकच, एटीपी तयार करणाऱ्या प्रथिनातून. हे प्रथिन अक्षरशः गरगर फिरतं, पाणचक्कीसारखं, आणि दर फेऱ्याला एटीपीचे तीन रेणू तयार होतात. पीटर मिशेल यांनी १९६१ मध्ये प्रोटॉनच्या साठ्याची ही कल्पना मांडली तेव्हा फार थोड्यांनी ती मानली. त्यांना नोबेल मिळालं १९७८ मध्ये. आणि १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी या प्रथिनाच्या फिरत्या दांड्याला एक चमकता धागा चिकटवला, एटीपी पुरवला, आणि धागा गोल फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिला. मी ती फीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा तीन वेळा मागे नेऊन पाहिली होती. आजही वर्गात दाखवते.

या आतल्या पटलावर साधारण १५० मिलिव्होल्टचा विद्युतदाब असतो. ऐकायला किरकोळ वाटतो. पण पटलाची जाडी धरली तर मीटरमागे तीन कोटी व्होल्ट होतात, आणि हवेत ठिणगी पडायला मीटरमागे तीस लाख व्होल्ट पुरतात. तुमच्या प्रत्येक तंतुकणिकेत आत्ता, हे वाचताना, एवढा ताण धरून ठेवलेला आहे.

सायनाइडचं उदाहरण इथे फार काही शिकवून जातं. सायनाइड ऑक्सिजनच्या अलीकडच्या शेवटच्या प्रथिनाला जाऊन बसतं आणि ती रांग अडते. त्यानंतर मिनिटभरानं पेशीची आकृती काढली तर ती पुस्तकातल्यासारखीच येईल. केंद्रक जागेवर, डीएनए शाबूत, तंतुकणिका, प्रथिनं जुळवणारे रायबोझोम, सगळे भाग हजर. भागांच्या यादीत काहीही कमी नाही, आणि तरी मेंदूची पेशी मरणाच्या वाटेला लागलेली असते. तुम्ही विचारलं होतं कोणता भाग जिवंत असतो. सगळे भाग असूनही जीव जातो, तेव्हा तो एखाद्या भागात ठेवलेला नव्हता हे उघड आहे. तो त्या भागांमधल्या चालू व्यवहारात होता.

मग केंद्रकाचं काय? त्याला ‘पेशीचा मेंदू’ म्हणतात, पण या उपमेनं घोटाळाच जास्त होतो. माणसाची तांबडी रक्तपेशी तयार होतानाच केंद्रक बाहेर टाकते आणि त्याशिवाय सुमारे १२० दिवस काम करते. आपल्या शरीरातल्या पेशींची संख्या मोजली तर बहुसंख्य याच असतात. अ‍ॅसिटॅब्युलेरिया नावाचं एक समुद्री शैवाल आहे, काही सेंटिमीटर लांबीची एकच पेशी. १९३० च्या दशकात हेमरलिंग यांनी तिचा केंद्रक असलेला बुडखा कापून टाकला, तरी उरलेला देठ कित्येक आठवडे जगला आणि काहींनी तर वरची छत्रीही पुन्हा तयार केली. केंद्रकानं आधीच पाठवून ठेवलेल्या सूचना त्यांना पुरल्या. मात्र अशी पेशी पुन्हा विभागत नाही, आणि झीज भरून निघेनाशी झाली की संपते. केंद्रकात डीएनए आहे, डीएनएत प्रथिनं कशी घडवायची याची पाककृती आहे. माणसाच्या एका पेशीत हा धागा सगळा मिळून सुमारे दोन मीटर लांब, आणि तो मावतो एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान गोळ्यात. पाककृतीची वही फार मोलाची. पण चूल पेटलेली असावी लागते.

आणि ती वही सतत का लागते? कारण पेशीतलं जवळजवळ काहीच टिकाऊ नसतं. रुडॉल्फ शोनहायमर यांनी १९३० च्या दशकात जड नायट्रोजनची खूण केलेलं अन्न प्राण्यांना दिलं. अपेक्षा अशी होती की शरीराची रचना पक्की असते, अन्न नुसतं जळून बाहेर पडतं. निघालं वेगळंच. खुणेचा नायट्रोजन काही दिवसांतच शरीराच्या प्रथिनांत जाऊन बसला होता आणि जुना बाहेर पडत होता. आज आपल्याला माहीत आहे, की काही प्रथिनं आठवडेच्या आठवडे राहतात आणि काही मिनिटांत मोडली जातात. पी-५३ हे प्रथिन निरोगी पेशीत तयार होतं आणि वीसेक मिनिटांत निम्मं मोडलं जातं, पुन्हा तयार होतं, पुन्हा मोडलं जातं. वरवर ही उधळपट्टी वाटते. पण डीएनएला इजा झाली की पेशी मोडणं थांबवते आणि पी-५३ झपाट्यानं साठतं, नव्यानं बनवायला सुरुवात करण्याइतकाही वेळ दवडावा लागत नाही. मग ते विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरणाकडे नेतं.

मरणही पेशी स्वतः घडवून आणू शकते, आणि त्यालाही ऊर्जा लागते, हे नव्यानं शिकणाऱ्याला नेहमी चकित करतं. गर्भात हाताची बोटं सुटी होतात ती मधल्या पेशी ठरलेल्या वेळी मरतात म्हणून. एका बारीकशा गोलकृमीच्या शरीरात वाढीदरम्यान १,०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यांपैकी १३१ दरवेळी त्याच, त्याच टप्प्यावर मरतात. अशी पेशी आकसते, स्वतःचे तुकडे बांधून ठेवते आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. एटीपी संपलेल्या पेशीला इतकं नीटनेटकं मरता येत नाही. ती फुगते, फुटते आणि आजूबाजूला दाह होतो.

आता माझ्या कामातलं ते कोडं सांगते, ज्यावर मी सर्वांत जास्त विचार केला आहे. चालू व्यवहार म्हणजे जीव, असं वर म्हटलं. पण आम्ही पेशी गोठवतो. पोषक द्रवात सुमारे दहा टक्के डायमिथाइल सल्फॉक्साइड घालायचं, म्हणजे पाण्याचे अणकुचीदार स्फटिक होऊन पटल फाटत नाही. मग मिनिटाला एक अंश अशा संथ गतीनं थंड करायचं, आणि शेवटी कुपी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, उणे १९६ अंशांना. तिथे पंप चालत नाही, एटीपी बनत नाही, काहीच हलत नाही. मी स्वतः गोठवलेली एक कुपी अठरा वर्षांनी काढली, कोमट पाण्यात झटपट वितळवली, ते डायमिथाइल सल्फॉक्साइड धुऊन टाकलं आणि पेशी भांड्यात सोडल्या. दुसऱ्या दिवशी त्या तळाला चिकटून पसरलेल्या होत्या. तीन दिवसांत विभागू लागल्या. अठरा वर्षं त्या काय होत्या? जिवंत की मेलेल्या?

उत्तर मला मिळालं ते साध्या शीतकपाटात. त्याच पेशी ४ अंशांना ठेवल्या तर काही दिवसांत मरतात. उणे ८० वर बऱ्या राहतात, पण महिन्यांगणिक घसरतात. उणे १९६ वर वर्षानुवर्षं राहतात. थोड्या थंडीत मरण आणि कडाक्याच्या थंडीत रक्षण, हे विचित्र वाटतं ना? गोम अशी, की ४ अंशांना पंप जवळजवळ थांबतो, पण गळती तेवढी थांबत नाही. सोडियम आत येत राहतं, पोटॅशियम बाहेर जात राहतं. रक्तपेढीत थंडीत साठवलेल्या रक्ताच्या द्रवभागात दिवसागणिक पोटॅशियम वाढत जातं, ते यामुळेच. उणे १९६ वर पंप थांबतोच, पण गळतीही थांबते, मोडतोडही थांबते. बिघाड करणारा आणि दुरुस्ती करणारा, दोघंही एकाच वेळी जागच्या जागी थिजतात. मांडणी जशीच्या तशी राहते, आणि ऊब मिळताच व्यवहार तिथून पुढे सुरू होतो.

म्हणून आता मी म्हणते, की जीव म्हणजे एक विशिष्ट मांडणी, जी सारखी ढासळत असते आणि स्वतःच्याच कामानं सारखी पुन्हा उभी राहत असते. गोठलेल्या पेशीला मी मेलेली म्हणत नाही, कारण मांडणी शाबूत आहे. जगते आहे असंही म्हणत नाही, कारण ती काही करत नाही. थांबलेली म्हणते. कोरडं बी जवळजवळ अशाच अवस्थेत असतं. विषाणू मात्र वेगळा. त्याच्याकडे वही आहे, वेष्टन आहे, पण स्वतःची चूल कधीच नव्हती. तो दुसऱ्याच्या घरात शिरतो तेव्हाच त्याची वही वाचली जाते.

ही मांडणी पहिल्यापासून कुणाला तयार करता येते का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात येईलच. श्लायडन आणि श्वान यांनी १८३८-३९ मध्ये सगळे सजीव पेशींचे बनलेले आहेत हे मांडलं, पण नव्या पेशी द्रवातून स्फटिकासारख्या जमतात असं त्यांना वाटत होतं. ते चुकलं. रेमाक यांनी पेशी विभागताना पाहिल्या, आणि फिरखो यांनी १८५५ मध्ये ठामपणे लिहिलं की प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच येते. २०१० साली क्रेग व्हेंटर यांच्या चमूनं एका जिवाणूचा दहा लाखांहून जास्त अक्षरांचा संपूर्ण जनुकसंच रसायनांपासून जुळवला, ही मोठीच गोष्ट. पण तो संच चालू करण्यासाठी त्यांनाही दुसऱ्या एका जिवाणूची तयार, जिवंत पेशी घ्यावी लागली. पटल, पंप, रायबोझोम, आधीच साठलेला आयनांचा फरक, हे सगळं उसनं होतं. वही नवी लिहिता आली, पण विस्तव दुसऱ्या चुलीतूनच आणावा लागला. तुमच्या प्रत्येक पेशीतला विस्तवसुद्धा तसाच आलेला आहे, एका पेशीकडून दुसरीकडे, साडेतीन अब्ज वर्षं किंवा त्याहूनही आधीपासून, मध्ये एकदाही न विझता.

वाचनाचा क्रम विचाराल तर पुस्तक थोडं उलटंसुलटं करा. आधी पटल आणि परासरण, मग आयनांचा फरक आणि पंप, मग एटीपी आणि तंतुकणिका, वनस्पतींसाठी त्याच जोडीला हरितलवक. तिथेही पटल, प्रोटॉनचा साठा आणि तेच फिरतं प्रथिन भेटेल. त्यानंतर प्रथिनं आणि विकरं, मग डीएनए, आणि सूत्री विभाजन शेवटी. आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी संकुल, लयकारिका ही नावं वाटेत लागतील तशी घ्या. प्रथिनं तयार करून ठरल्या जागी पोचवणं आणि जुनी मोडणं, या कामांत ती आपोआप बसतात.

आणि मेलेल्या पेशी बघून झाल्या असतील तर एकदा जिवंत बघा. सूक्ष्मदर्शक हाती लागला की दोन गोष्टी करा. कोमट साखरपाण्यात यीस्ट भिजवून तासभर ठेवा, त्याच्या थेंबात अगदी पातळ मिथिलीन ब्लू मिसळा. मेलेलं यीस्ट निळं दिसेल. जिवंत यीस्ट रंगहीन दिसेल, कारण आत शिरलेल्या रंगाचं ते क्षपण करून त्याला रंगहीन करतं. दुसरं, हायड्रिला या पाणवनस्पतीचं शेंड्याजवळचं कोवळं पान पाण्याच्या थेंबात सपाट ठेवा, रंग अजिबात घालू नका. पहिली काही मिनिटं हिरवे ठिपके स्थिर दिसतील आणि काहीच घडत नाही असं वाटेल. दिव्याचा उजेड पानावर पडू द्या आणि मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशींवर नजर ठेवा. थोड्या वेळानं एक हरितलवक भिंतीच्या कडेनं सरकेल, मग त्याच्यामागून दुसरं, आणि मग सगळी रांगच एका दिशेनं पेशीभोवती फिरू लागेल.